साक्ष द्यायची, पण दाखवायचं नाही

एक कोडं आहे. एका तरुणीचा अगदी खासगी फोटो तिच्या जुन्या जोडीदाराकडे राहिला आहे आणि तो समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकी तो देतो आहे. फोटो कुठेही चढवला गेला तर तिथल्या तिथे अडवला जावा, एवढंच तिला हवं आहे. पण अडवणाऱ्याला तो ओळखता यायला हवा. ओळखायचा तर आधी पाहायला हवा. आणि तो कोणीही पाहू नये, यासाठीच तर तिची सगळी धडपड चालली आहे.

फेसबुकने २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात याचं एक उत्तर आजमावलं. फोटो आधी आमच्याकडे पाठवा, आमचा प्रशिक्षित कर्मचारी तो एकदा पाहील आणि मग यंत्र तो अडवील, असं ते उत्तर होतं. ऐकूनच लोकांच्या पोटात गोळा आला, आणि तो येणं साहजिक होतं. चार वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, ब्रिटनमधल्या ‘रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन’ने फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या साथीने ‘स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग’ ही सेवा सुरू केली. इथे फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. तो त्या व्यक्तीच्या फोनबाहेर पडतच नाही. फोटोवरून एक आकडा काढण्याचं काम फोनमध्येच होतं, तेवढा आकडा बाहेर जातो आणि सहभागी सेवांच्या यादीत बसतो. पुढे कोणी तोच फोटो त्या सेवांवर चढवू लागलं की आकडा जुळतो. यादी सांभाळणाऱ्यांनी फोटो एकदाही पाहिलेला नसतो, तरी त्याची ओळख पटते.

प्रत्येक पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमागे ‘रिपोर्ट’ नावाचा एक पर्याय असतो. आपल्यातले बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ‘दाबून काय होणार?’ हा प्रश्न मनात असतोच. पण त्या पर्यायामागे आणि त्याच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत जे गणित, जी गुप्तलेखनाची युक्ती आणि जी माणसांची मेहनत उभी राहिली आहे, ती समजून घेताना मी थक्क होत जातो. आणि या सगळ्याच्या मध्यभागी एकच माणूस उभा असतो: ज्याने काही वाईट पाहिलं आणि गप्प न बसता ते सांगितलं.

फोटोचा आकडा

संगणकाच्या फाइलवरून आकडा काढण्याची कला जुनी आहे. तिला हॅशिंग म्हणतात, आपण त्या आकड्याला ठसा म्हणू. कोणतीही फाइल घ्या, एका ठरलेल्या सूत्रातून गाळा, आणि एक ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. ‘शा-२५६’ हे सूत्र नेहमी २५६ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एकच्या २५६ खुणांचा ठसा देतं. फाइल एका ओळीची असो की चार तासांच्या चित्रपटाची. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठशातले साधारण निम्मे बिट बदलून जातात. बँकेच्या व्यवहारांना हीच कडक शिस्त हवी असते.

फोटोच्या बाबतीत मात्र हा कडकपणाच आड येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो दाबून लहान केला जातो. कोणी त्यावर छोटीशी अक्षरं टाकतं, कोणी उजेड वाढवतं. आपल्या डोळ्यांना तो तोच फोटो दिसतो, पण फाइल बदललेली असते आणि कडक ठसा पार वेगळा निघतो. म्हणजे हवा होता असा ठसा, जो फाइलचा नसून चित्राचा असेल.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजमधले प्राध्यापक हॅनी फरीद यांच्यासह असा ठसा तयार केला. त्याचं नाव ‘फोटोडीएनए’. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं इंटरनेटवर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा फिरत राहतात. मूल मोठं होतं, गुन्हेगार तुरुंगात जातो, तरी चित्र फिरतच राहतं. ते थांबवण्यासाठी हे तंत्र जन्माला आलं. मायक्रोसॉफ्टने ते अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राला दान केलं.

फोटोडीएनएचं संपूर्ण सूत्र जाहीर केलेलं नाही. पण फेसबुकने २०१९ मध्ये ‘पीडीक्यू’ नावाचं आपलं सूत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यामुळे आत काय घडतं ते आपल्याला पायरीपायरीने पाहता येतं.

समजा, फोनने काढलेला फोटो १ कोटी २० लाख ठिपक्यांचा आहे. पहिल्या पायरीवर त्याचे रंग जातात, फक्त उजेड-अंधार उरतो. दुसऱ्या पायरीवर तो मऊ करत करत ६४ गुणिले ६४ ठिपक्यांपर्यंत लहान केला जातो. आता हातात ४०९६ ठिपके आहेत. तिसऱ्या पायरीवर हे ठिपके लहरींच्या भाषेत मांडले जातात: चित्रात उजेडाचे मोठे, संथ चढउतार किती आणि बारीक, जलद चढउतार किती. त्यांतल्या संथ लहरींचे १६ गुणिले १६, म्हणजे २५६ आकडे तेवढे ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. शेवटच्या पायरीवर या २५६ आकड्यांचा मध्य काढायचा आणि प्रत्येक आकड्याला विचारायचं, तू मध्याच्या वर की खाली? वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. झाला ठसा. तीन एमबीचा फोटो ३२ बाइटांत आला, म्हणजे जवळपास एक लाखाव्या हिश्शात. मूळ फोटोतला बहुतेक तपशील त्या ठशात उरलेलाच नसतो, म्हणून ठशावरून फोटो जसाच्या तसा पुन्हा उभा करता येत नाही.

दोन ठसे जुळतात की नाही, हे ठरवायला फक्त मोजणी लागते: २५६ जागांपैकी किती जागी ते वेगळे आहेत? या मोजणीला बेल प्रयोगशाळेतले गणिती रिचर्ड हॅमिंग यांचं नाव आहे. १९५० च्या त्यांच्या निबंधातून ती आली. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन फोटो साधारण निम्म्या, म्हणजे १२८ च्या आसपास जागी वेगळे निघतात. फरक ३१ किंवा त्याहून कमी जागांचा असेल तर तो एकच फोटो मानावा, अशी शिफारस पीडीक्यूच्या कर्त्यांनी केली आहे. केवळ योगायोगाने १२८ वरून ३१ वर येणं जवळपास अशक्य असतं. आणि कोऱ्या भिंतीसारखा, काही खाणाखुणाच नसलेला फोटो फसवू शकतो, म्हणून प्रत्येक ठशासोबत त्याच्या भरवशाचा गुणही नोंदवला जातो.

चित्र फिरवणारं गणितच चित्र पकडतं

यातली तिसरी पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. ठिपक्यांना लहरींत मांडण्याच्या त्या रीतीचं नाव ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’. ती सुचली नासिर अहमद यांना. ते बंगळुरूचे, पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी आहे, असं परीक्षकाला वाटलं. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला.

आज आपल्या फोनमधली जवळपास प्रत्येक जेपीईजी फाइल त्याच गणितावर उभी आहे. माणसाच्या डोळ्याला संथ लहरी नीट दिसतात, बारीक लहरींतली घट फारशी जाणवत नाही. म्हणून जेपीईजी बारीक लहरींवर कात्री चालवतं आणि फोटो हलका करतं. त्याशिवाय फोटो इतक्या सहज इकडून तिकडे गेलेच नसते. आता गंमत पाहा. फोटो फिरताना प्रत्येक वेळी जे झिजतं, ते बारीक लहरींत असतं. आणि पीडीक्यू ठसा घेतं तो संथ लहरींचा, म्हणजे दाबून दाबूनही जे टिकतं त्याचा. ज्या गणिताने चित्राला पाय दिले, त्याच गणिताने त्याचा माग काढता येतो.

मर्यादाही तिथेच आहे. फोटोचा मोठा भाग कापला किंवा तो बराच तिरका वळवला, तर लहरींची मांडणीच बदलते आणि ठसा निसटतो. त्याहून मोठी मर्यादा म्हणजे यंत्र फक्त यादीत असलेला ठसाच ओळखू शकतं. काल काढलेला फोटो, आज बनवलेला व्हिडिओ कोणत्याच यादीत नसतो. यादीतल्या प्रत्येक ठशाच्या सुरुवातीला कोणी तरी ते चित्र पाहिलेलं असतं, किंवा ज्याच्यावर बेतलं त्याने स्वतः ते सांगितलेलं असतं. त्या एका साक्षीमुळे पुढच्या हजारो लोकांच्या नजरेला ते चित्र पडत नाही. या साक्षी किती येतात? मघाच्या अमेरिकी केंद्राची ‘सायबरटिपलाइन’ १९९८ मध्ये सुरू झाली. २०२३ या एका वर्षात तिच्याकडे ३ कोटी ६० लाखांहून अधिक नोंदी आल्या. त्यांतल्या बहुसंख्य कंपन्यांनी केलेल्या होत्या आणि जगभरातल्या घटनांबद्दल होत्या. भारताशी संबंधित नोंदी एप्रिल २०१९ मधल्या करारानुसार आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे जातात.

बंद पाकिटातली साक्ष

सार्वजनिक भिंतीवरच्या मजकुराचं असं झालं. पण आज आपलं निम्मं बोलणं तर बंद दाराआड चालतं. व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल आणि मेसेंजरवरचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतात. मधल्या कंपनीला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. हे चांगलंच आहे. आपला खासगीपणा त्यावर टिकून आहे. पण त्या बंद दाराआड कोणी धमकी दिली तर काय? घेणाऱ्याने कंपनीला संदेश दाखवला आणि ‘हे त्याने मला पाठवलं’ असं सांगितलं, तर कंपनीने विश्वास कसा ठेवायचा? स्क्रीनशॉट तर कोणीही बनवू शकतं. कंपनीने मूळ संदेश वाचलेला नाही, जपलेलाही नाही. दोघांतला खरं कोण बोलतो?

फेसबुकने २०१६ मध्ये मेसेंजरच्या गुप्त संभाषणांसाठी याचं उत्तर दिलं. त्या युक्तीला ‘मेसेज फ्रँकिंग’ म्हणतात. ती पाकिटाच्या रूपात समजून घेऊ. पाठवणाऱ्याचा फोन संदेशासोबत एक यादृच्छिक संख्या घेतो आणि दोन्ही मिळून एक कडक ठसा काढतो. संदेश आणि संख्या बंद पाकिटात जातात, ठसा पाकिटावर बाहेर लिहिला जातो. टपालखात्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, त्या ठशावर शिक्का बसतो: कोणाकडून, कोणाला, कधी. हा शिक्का कंपनीच्या गुप्त किल्लीने बनतो, तो दुसऱ्या कोणाला उमटवता येत नाही. पाकीट पोचलं की घेणाऱ्याचा फोन ते उघडतो, आतल्या संदेशाचा ठसा स्वतः काढून बाहेरच्या ठशाशी ताडून पाहतो आणि जुळला तरच संदेश दाखवतो. त्यामुळे पाठवणाऱ्याला बाहेर खोटा ठसा लिहून सुटता येत नाही.

तक्रार करायची वेळ आली की घेणारा संदेश, संख्या आणि शिक्का कंपनीकडे देतो. कंपनी ठसा पुन्हा काढते आणि शिक्का आपलाच आहे का, ते पाहते. दोन्ही जुळलं तर वाद संपला. घेणाऱ्याने मनाने काही रचलं असतं तर ठसा जुळलाच नसता. ती यादृच्छिक संख्या कशाला, हेही सुंदर आहे. ती नसती तर ‘हो’, ‘नाही’, ‘उद्या ये’ अशा छोट्या संदेशांचे ठसे कंपनीने आधीच काढून ठेवले असते आणि पाकिटावरचा ठसा पाहूनच आत काय आहे ते ओळखलं असतं. म्हणजे घेणाऱ्याने स्वतःहून तोंड उघडेपर्यंत कंपनी आंधळी राहते, आणि त्याने तोंड उघडताच त्याचं बोलणं पुराव्यानिशी खरं ठरतं. दोन टोकांच्या या गरजा एकाच सूत्रात बसल्या, याचं मला अजूनही नवल वाटतं.

या युक्तीतही एक फट सापडली. येवगेनी डोडिस, पॉल ग्रब्ज, थॉमस रिस्टनपार्ट आणि जोआन वुडेज या चौघांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की, जोडून पाठवलेल्या चित्रांसाठी वापरलेल्या कुलपात एक विचित्र गुण आहे. एकच कुलूपबंद फाइल अशी रचता येते की एका किल्लीने ती उघडली तर एक चित्र निघतं आणि दुसऱ्या किल्लीने उघडली तर भलतंच दुसरं. घेणाऱ्याला दोन्ही चित्रं दिसतात, पण तक्रारीत मात्र निरुपद्रवी चित्रच पोचतं आणि घाणेरडं गायब होतं. संशोधकांनी आपल्या निबंधाच्या नावात या हल्ल्याला ‘अदृश्य सॅलमँडर’ म्हटलं. फेसबुकने ती फट बुजवली. पण तक्रारीतून एक चित्र नाहीसं होणं हा दोष एवढा गंभीर मानला गेला की गुप्तलेखनाच्या अभ्यासकांनी त्यासाठी नवी सूत्रं घडवली. पीडित माणसाचं म्हणणं पोचण्याच्या वाटेवरच गळू नये, हा तिथे गणिताचा प्रश्न झाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण एखाद्या खात्याची किंवा गटाची तक्रार करतो, तेव्हा तिथून आपल्याला आलेले शेवटचे पाचपर्यंत संदेश कंपनीकडे जातात. ज्याची तक्रार केली त्याला ते कळवलं जात नाही. एखाद्या विशिष्ट संदेशावर बोट दाबून धरलं तर तेवढ्याच संदेशाची तक्रारही करता येते. कंपनीला आतलं दिसावं यासाठी तिथे आपल्याशिवाय दुसरी वाट नाही. बंद खोलीत साक्षीदार असतो तो फक्त घेणारा.

यंत्राला जे कळत नाही

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार. भिक्षेसाठी फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होती. जमावाने त्या पाच जणांना ठेचून मारलं.

त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एका मुलाला उचलून नेतात. ती होती कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीपटातली. मूळ फितीत शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवून सावध राहायला सांगतात. फिरवणाऱ्यांनी शेवट कापून टाकला होता. त्यात रक्त नव्हतं, नग्नता नव्हती, शिवी नव्हती. ठसा काढणाऱ्या यंत्राला त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. खोटेपणा चित्रात नव्हताच. तो चित्राच्या कापलेल्या शेवटात आणि त्याखाली लिहिलेल्या ‘आपल्या भागात टोळी फिरते आहे’ अशा ओळीत होता. ती ओळ खोटी आहे हे सांगू शकणारा फक्त त्या भागातला माणूस असतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन जाहीर केलं. जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू झालं. एप्रिल २०२० पासून, फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि त्यानंतर असे संदेश जगभरात सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. संदेश न वाचता तो किती वेळा पुढे गेला हे कसं कळतं? मोजणीचा आकडा संदेशासोबत कुलपाच्या आतूनच प्रवास करतो. तो आपला फोन वाचतो, कंपनी नाही. या बंधनाने अफवेचा वेग कमी झाला. तिला खोटं ठरवण्याचं काम मात्र माणसाकडेच राहिलं.

भाषेचंही तसंच. ‘तुला बघून घेतो’ यात एकही वाईट शब्द नाही, पण ही धमकी आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. एखाद्या वस्तीचं नाव, एखादं आडनाव, एखाद्या व्यवसायाचा उल्लेख कोणत्या सुरात आला की तो जातीवरचा घाव होतो, हे इथे वाढलेल्या कानालाच कळतं. त्यात लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, स्वर गाळतात, अक्षरांच्या जागी आकडे घालतात. यंत्राला हे शिकवायचं तर उदाहरणं हवीत. २०२२ मध्ये पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या संशोधक गटाने ‘महाहेट’ नावाचा मराठी ट्वीटांचा संच जाहीर केला. त्यातल्या २५ हजारांहून अधिक ट्वीटांची विभागणी केली आहे: द्वेष पसरवणारं, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेलं. ही विभागणी मराठी जाणणाऱ्या माणसांनी केली. घाण वाचायची, तोलायची, योग्य कप्प्यात टाकायची, हे काम एकेका ट्वीटासाठी कोणी तरी बसून केलं, तेव्हा यंत्राला मराठीतल्या द्वेषाची ओळख झाली.

असंच काम जगभर हजारो परीक्षक रोज करतात. तक्रार आलेला मजकूर यंत्राला उलगडला नाही की तो त्यांच्या पडद्यावर येतो. त्याची किंमत मनाला मोजावी लागते. २०२० मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या अकरा हजारांहून अधिक परीक्षकांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मान्य केली; सतत क्रूर दृश्यं पाहून त्यांना मानसिक आघात झाल्याचा तो दावा होता. आपल्या पडद्यावर जे कधी येतच नाही, त्यातलं बरंच काही या माणसांनी आपल्या आधी पाहून बाजूला सारलेलं असतं. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

तक्रारीलाही लगाम हवा

सांगण्याची ताकद मोठी आहे, म्हणूनच ती उलटी फिरू शकते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. तक्रार झाली आणि दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने अशा अटकांना वाट देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं. कोणाही खासगी व्यक्तीने तक्रार केली एवढ्यावरून कंपनीने मजकूर काढलाच पाहिजे असं बंधन नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा, हेही त्याच निकालात स्पष्ट झालं.

याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी पुढची चौकट आखली. प्रत्येक मोठ्या सेवेला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची, असं त्या नियमांत लिहिलं गेलं. एखाद्याचे नग्न किंवा खासगी फोटो, किंवा त्याचं रूप घेऊन बनवलेली खोटी चित्रं असतील, तर पीडिताच्या तक्रारीवरून ती तातडीने हटवायची, हा अपवादही त्यातच आहे; तिथे न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अशा तीन समित्या सरकारने २०२३ मध्ये नेमल्या. मजकूर काढला जाणं ज्याला अन्यायाचं वाटतं, त्यालाही हे दार उघडं आहे.

नावडतं मत आणि घातक मजकूर यांतली रेघ यंत्राला सहज दिसत नाही. ती तक्रार करणाऱ्याने आधी स्वतःच्या मनात ओढावी लागते. टोळी जमवून एखाद्याच्या नावाने तक्रारींचा पाऊस पाडणं हा साक्षीचा अपमान आहे, कारण त्या गर्दीत खऱ्या पीडिताची हाक दबते.

नीट सांगण्यासाठी

नीट केलेली तक्रार लांब जाते, म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तक्रारीचं कारण नेमकं निवडा. ‘आवडलं नाही’ आणि ‘जिवाची धमकी’ यांची वाट पुढे वेगळी होते. धमकीची तक्रार आधी पाहिली जावी अशी रचना असते. शक्य असेल तिथे अख्ख्या खात्याऐवजी नेमक्या संदेशावर बोट ठेवा. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी दुवा, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. याला एक कडक अपवाद आहे: लहान मुलांच्या शोषणाचं चित्र कधीही साठवू नका आणि ‘पाहा, काय चाललंय’ म्हणूनही कोणाला पुढे पाठवू नका. अशी चित्रं जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्यासाठी ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मूल संकटात असेल तर १०९८, पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३०. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे खासगी फोटो फिरण्याची भीती असेल तर त्यांच्यासाठीही ‘स्टॉपएनसीआयआय’सारखीच, फक्त ठसा घेणारी ‘टेक इट डाउन’ ही सेवा अमेरिकी केंद्राने २०२३ मध्ये सुरू केली आहे.

घरातल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. मोठ्या सेवांवर अशी तक्रार कोणी केली, हे समोरच्याला सांगितलं जात नाही. कित्येक मुलं केवळ त्या भीतीने गप्प राहतात. त्यांना हेही सांगावं की चूक त्यांची नाही, आणि आई-बाबांना सांगितलं म्हणून फोन काढून घेतला जाणार नाही. हे वचन घरात पाळलं गेलं तरच मूल पुढच्या वेळी सांगायला येईल.

नासिर अहमद यांच्या लहरींपासून पुण्यात वर्गवारी केलेल्या ट्वीटांपर्यंत हा सगळा पसारा हुशार माणसांनी अतिशय काळजीपूर्वक रचला आहे. तरी त्यातली कोणतीही गोष्ट नवं संकट स्वतःहून पुरतं ओळखू शकत नाही. नवा फोटो, नवी अफवा, नव्या शब्दांत लपवलेला द्वेष आधी कोणा एका माणसाच्या नजरेला पडतो. पुष्कळदा ती नजर आपली असते. पुढचं काम करायला गणित आणि कायदा तयार आहेत. तेव्हा काही घातक दिसलं तर नुसतं बोट सरकवून पुढे जाऊ नका. थांबा, नेमकं कारण निवडा आणि कळवा.